न जोडलेले ठिपके

फोन आला तेव्हा मी औषधांच्या दुकानात उभी होते. कुमुदताईंचं खोकल्याचं औषध संपत आलं होतं आणि दुकानदार नवी बाटली आणायला आत गेला होता. माझे यजमान श्रीकांत मुळातच फोनवर मोजकं बोलणारे. त्या दिवशी म्हणाले, "विभा, औषध राहू दे. घरी ये." त्यांच्या आवाजात जराही घाई नव्हती, आणि त्यावरूनच मला काय ते समजलं. बाहेर आले तर दुपार व्हायला आली तरी थंडीतलं धुकं गल्लीतून हललं नव्हतं. समोरून सायकल आली ती आधी नुसती घंटी होती, मग पुढचं चाक दिसलं, मग माणूस. मी भिंतीला हात लावत चालले होते. आपण चालतोय की कुणी आपल्याला चालवतंय, असं काहीसं वाटत होतं... घरात आले. आयुष्यभर उभं राहून शिकवलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, कुमुदताई, उशीवर मान कलती करून निवांत पडल्या होत्या. मी त्यांच्या पायांवर शाल ओढली. पाय अजून पुरते गार झाले नव्हते.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले आहे खरी, पण अडचण अशी की कुमुदताईंवर लिहायचं तर इलेक्ट्रॉनांवर लिहावं लागतं, आणि मी पडले संगीत घेऊन बी.ए. झालेली बाई. बनारसमधल्या मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीला, त्यांनी निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरचे पूर्वज वेद शिकवायला काशीत आले आणि इथलेच झाले. मी सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा या घरातलं मराठी ऐकून बावरून जायची. वाक्यं हिंदीत सुरू व्हायची आणि मराठीत संपायची. पहिल्याच आठवड्यात ताईंनी मला विचारलं, "तू केमिस्ट्री कुठवर केलीस?" मी म्हटलं, "दहावीपर्यंत. तीही नाइलाजाने." त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या. त्या 'अच्छा'चा अर्थ मला हळूहळू कळत गेला. त्यांना घरातल्या घरात एक विद्यार्थिनी मिळाली होती, आणि ती घंटा झाल्यावर पळून जाऊ शकत नव्हती.

शिकवणी चाले स्वयंपाकघरात, नाहीतर जिथे सापडेन तिथे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी बाहेरच्या खोलीत तीन छोट्या सतरंज्या घातल्या, प्रत्येकीवर दोघीच मावतील अशा. मला म्हणाल्या, "कोण कुठे बसतं ते बघत राहा." पहिली आली ती भिंतीकडच्या सतरंजीवर बसली. दुसरी तिच्याशी हसून बोलली, पण बसली वेगळ्या सतरंजीवर. तिसरीने तिसरी धरली. चौथी दारात घुटमळली, तिन्हीकडे नजर टाकली आणि "जरा सरकता का" म्हणत एकीच्या शेजारी टेकली. तिळगूळ वाट्यांत भरता भरता ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आतल्या खोल्या आधीच भरल्यात असं समज. बाहेर तिघी होत्या तोवर नायट्रोजन होता. चौथी आली, ऑक्सिजन झाला. इलेक्ट्रॉन असेच बसतात. मोकळी जागा आहे तोवर कोणी कोणाला खेटत नाही." एवढ्यावर थांबतील तर त्या कुमुदताई कसल्या. एका जागेवर दोघं बसलीच, तर एकाने एका दिशेने फिरायचं आणि दुसऱ्याने उलट, असाही नियम आहे म्हणे. "आपलं तसंच आहे बघ. एका स्वयंपाकघरात दोघी. एकीने उलटं फिरायला हवं." ते कोणी फिरायचं यावर पुढे कितीतरी वर्षं आमचं एकमत झालं नाही. श्रीकांतना त्या निऑन म्हणत. बाहेरची आठही माणसं जागेवर बसलेली, ना कुणाकडे मागणं ना कुणाला देणं. श्रीकांत पेपरातून डोकं वर न काढता "असू दे" म्हणत, म्हणजे पुन्हा तेच.

आता त्यांच्या एका दुखण्याबद्दल सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या मुलींना सांगत, की इलेक्ट्रॉन मधल्या गाभ्याभोवती प्रदक्षिणा घालतात. पुस्तकात तशी वर्तुळं होतीच, आणि काशीतल्या मुलींना प्रदक्षिणा समजावून सांगावी लागत नाही. मुली कंपास घेऊन सुबक वर्तुळं काढायच्या, त्यावर रंगीत खडूचे ठिपके द्यायच्या. हे चित्र खरं नाही हे ताईंना ठाऊक होतं, पण पुढच्या वर्षी सुधारू असं त्या म्हणत राहिल्या. मग कुणाच्या लग्नात, बाजारात, एकेका जुन्या विद्यार्थिनीची गाठ पडायची, आता दोन मुलांची आई झालेली, आणि ती कौतुकाने म्हणायची, "मॅडम, प्रदक्षिणा अब तक याद है." ताई घरी येऊन पाणी प्यायच्या आणि पुस्तकातली ती वर्तुळं बघत बसायच्या. शेवटी एका वर्षी त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावरची वर्तुळं पुसली आणि सांगितलं, वाट विसरा. कोणत्या वाटेने जातो ते विचारायचंच नाही. कुठे सापडण्याची शक्यता जास्त, कुठे कमी, एवढंच सांगता येतं.

हे त्यांनी गल्लीलाही समजावून द्यायचं ठरवलं. इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात रांगोळीची स्पर्धा असते. ताईंनी कधी भाग घेतला नव्हता. त्या वर्षी घेतला. गेरूने सारवलेल्या चौकोनात त्या दुपारभर बसून चिमटीने ठिपके देत होत्या. मधोमध दाट, बाहेर विरळ, अगदी कडेला एखाददुसरा. मी शेजारी बसून विचारलं, "हा कोण?" "हायड्रोजन." "एवढे इलेक्ट्रॉन?" "एकच आहे गं. शंभरदा बघितलं, शंभर ठिकाणी सापडला. प्रत्येक ठिपका म्हणजे एकदा बघणं." मी म्हटलं, "मग शेवटचा ठिपका कुठे द्यायचा?" त्या म्हणाल्या, "शेवटचा असा नसतोच. हात दुखला की थांबायचं." आणि खरंच हात झटकत उठल्या आणि चहा प्यायला घरी गेल्या. आम्ही परत आलो तेव्हा गोदूकाकू, वयाने सगळ्यांत मोठ्या, गल्लीतल्या रांगोळीच्या अधिकारी, ताईंच्या चौकोनाशेजारी बसलेल्या. त्यांनी सगळे ठिपके जोडून टाकले होते. पाकळ्या, वेल, कडेला मोर... "अगं, पोरीला कुणी मध्येच हाक मारली असेल, अधुरीच राहील बिचारीची, म्हणून पुरी करून ठेवली," गोदूकाकू म्हणाल्या. पोरीचे केस तेव्हा पांढरे व्हायला लागले होते. आता काय होतंय म्हणून मी मागेच उभी. ताई त्या मोराशी वाकल्या आणि म्हणाल्या, "काकू, हात काय सुरेख आहे हो तुमचा." रांगोळीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, दोघींना मिळून स्टीलचा एक डबा. तो गोदूकाकूंकडे गेला. रात्री जेवताना ताईंना एकाएकी हसू फुटलं आणि आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "मी तरी इतकी वर्षं दुसरं काय केलं? पोरींच्या ठिपक्यांतून रेघाच ओढल्या ना."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी वरणात मीठ दोनदा पडलं, मग चष्मा हरवला, मग एक दिवस त्यांनी मला दुसऱ्याच नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली. आवर्तसारणी मात्र जागच्या जागी होती. रोज दुपारी त्या कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून बाहेर पडायच्या. कुठे, ते त्यांना सांगता यायचं नाही. पहिल्यांदा मी गल्लीतल्या दोघा-तिघांना विचारत धावले. सापडल्या तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा इतका पडला, की मी ठरवलं, आपण शोधतोय हे यांना कळता कामा नये. मग मी थैली घेऊन कोथिंबिरीला निघाल्यासारखी निघायची. बालाजी घाटाच्या ओट्यावर त्या दिसल्या की म्हणायचं, "अरे, ताई, तुम्ही इथे?" त्या खुशीत म्हणायच्या, "तू पण?" आणि आम्ही दोघी बोलत बोलत घरी यायचो. त्यांनी बाहेर फिरावं आणि तरीही हरवू नये, एवढंच मला हवं होतं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्यात अडकला.

हळूहळू मला जमायला लागलं. त्या बहुतेक वेळा घाटाच्या ओट्यावर असायच्या. नाहीतर बंद पडलेल्या छापखान्याच्या पायरीवर. थंडीत मलइयोवाल्याच्या टोपल्याजवळ; दवात ठेवलेल्या दुधाचा तो केशरी फेस त्यांना लहानपणापासून आवडायचा, जिभेवर ठेवला की होता की नव्हता असा प्रश्न पडतो. कधीकधी पार दशाश्वमेध घाटावर, एखाद्या गुरुजींच्या छत्रीखाली, संकल्प सोडणाऱ्या यात्रेकरूंच्या ओळीत मजेत बसलेल्या. एका संध्याकाळी त्यांना घेऊन येताना माझ्या मनात आलं, ही तर त्यांचीच रांगोळी. घराजवळ दाट, लांब विरळ, आणि ठिपके सगळे एकाच बाईचे. त्या एका ठिकाणाहून दुसरीकडे कशा जात होत्या, ते मी कधी पाहिलं नाही. मी त्यांना हे सांगितलं. त्या चालता चालता थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पास." वर्गातल्या मुलीला परीक्षेचा निकाल सांगावा तसं म्हणाल्या. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

माझे धाकटे दीर दिलीपभावजी पुण्यात असतात. बहिणीवर त्यांचा फार जीव, म्हणून भीतीही फार. ते आले ते ताईंसाठी एक घड्याळ घेऊन. मनगटावर बांधलं की त्या कुठे आहेत ते पुण्यात भावजींच्या फोनवर दिसणार. "ताई, तू कुठे आहेस ते मला तिथे बसून कळेल," ते म्हणाले. ताईंनी विचारलं, "कळून काय करशील?" भावजींनी घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. ते परत गेले आणि चौथ्याच दिवशी त्यांचा घाबराघुबरा फोन, ताई गंगेच्या मध्यावर दिसतेय. ताई माझ्यासमोर बसून मटार सोलत होत्या. या दगडी गल्ल्यांत उपग्रहाचीही दिशाभूल होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला, तर त्या भावजींना म्हणाल्या, "पोहते आहे. नंतर बोलू." त्यानंतर ते घड्याळ कपाटात पडून राहिलं.

पण मग ती रामनगरची गोष्ट झाली. त्या दुपारी ओटा झाला, छापखाना झाला, दशाश्वमेधपर्यंत जाऊन आले, ताई कुठेच नाहीत. अंधार पडायला लागला. श्रीकांत एका बाजूला, मी दुसऱ्या. शेवटी घाटावरचा एक नाववाला त्यांना हाताला धरून पायऱ्या चढताना दिसला. त्या एकट्याच गंगेपार जाऊन रामनगरच्या बाजारात एका ताकवाल्याच्या बाकावर बसल्या होत्या. यानेच त्यांना पार नेलं होतं, आणि एकट्या बसलेल्या दिसल्या तेव्हा परत आणलं. "मास्टरनी जी बोलीं, पार जाना है. हम समझे आप लोग साथ हैं," तो कसनुसा होऊन म्हणाला. ताई उत्साहात होत्या. मला म्हणाल्या, "लांब सापडण्याची शक्यता थोडी असते. पण शून्य नसते." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्यांचा रागही आला होता.

भावजींनी फोनवर स्पष्ट सांगितलं. एकतर दार बंद ठेवा, नाहीतर मी ताईला पुण्याला नेतो, इथे अशा माणसांसाठी चांगली संस्था आहे, फाटकावर पहारेकरी असतो. त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी श्रीकांतनी दाराला उंचावर, ताईंचा हात पोचणार नाही अशी, नवी कडी बसवली. दुपारी ताई साडी नेसून आल्या, दार ढकललं, पुन्हा ढकललं. मग त्या चालायला लागल्या. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून परत दाराशी. बाहेर फिरताना त्या किती सावकाश चालत, दोन पायऱ्या उतरून पाण्याकडे बघत थांबत. त्या दुपारी त्यांना कुठेच थांबता येईना. वेग वाढत गेला. पाटाला ठेचकाळल्या, नडगीतून रक्त आलं, तरी फेऱ्या चालूच. मी धरायला गेले तर मला ढकललं. मी भिंतीशी उभी राहून बघत होते, आणि पूर्वी कधीतरी ताटं पुसताना झालेलं आमचं बोलणं मला आठवलं. मी विचारलं होतं, मधला गाभा इलेक्ट्रॉनला एवढा ओढतो, तर तो आत जाऊन पडत का नाही? त्या म्हणाल्या होत्या, "जागा लहान केली की त्याची धावपळ वाढते. जितकं कोंडशील तितका जास्त धावतो. म्हणून तर अणू एवढा मोकळा राहतो." तेव्हा मला ते पाठ्यपुस्तकातलं वाटलं होतं.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि कडी काढली. ताई लगेच बाहेर गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून धापा टाकत होत्या. मी त्यांच्या नडगीला हळद लावली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग त्या सावकाश पायऱ्या उतरल्या. संध्याकाळी मी भावजींना फोन केला. "दार उघडं राहील," मी म्हटलं. ते चिडले. "वहिनी, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, "माझी." श्रीकांत शेजारीच पेपर वाचत बसले होते. ते उठले, पेचकस आणला आणि कडी काढून टाकली. बायकोची बाजू घेण्याची ही त्यांची पद्धत.

ती जबाबदारी मी काही हसत पेलली असं नाही. रोज दुपारी त्या उतरून गेल्या की मी थैली हातात घेऊन खिडकीशी उभी राहायची. पावसाळ्यात गंगा वर चढायची, ओटा पाण्याखाली जायचा, तेव्हा तर मी घटकाभरही घरात टिकायची नाही. पण त्या प्रत्येक दिवशी सापडल्या. माझं नाव त्यांना शेवटी शेवटी आठवत नव्हतं, "तू पण?" म्हणायचं मात्र राहिलं नाही. या थंडीत त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि दोन-तीन दिवसांत, स्वतःच्या पलंगावर, त्या गेल्या. भावजी आले. दिवसकार्य होईपर्यंत ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मग निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, ती कशी जायची ते एकदा दाखवा ना. इथून निघून कुठे, मग कुठे." मी म्हटलं, "तसं नाही सांगता येत भावजी. जागा सांगते." त्यांनी जागा ऐकून घेतल्या आणि एकटेच गेले. दिवे लागल्यावर परत आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मी त्यांना गरम चहा दिला.

परवा दुपारी घरात खरोखरच कोथिंबीर नव्हती. मी थैली घेतली आणि निघाले. धुकं सरून गेलं होतं, गल्लीत उन्हाचे तुकडे पडले होते, आणि कुठूनतरी शिकवणीच्या पेटीचे सूर येत होते. कोपऱ्यावर पानवाल्याचा ठेला आहे. तिथे मी कधी थांबत नाही; इतक्या वर्षांत त्याच्याशी दोन शब्द बोललेले मला आठवत नाहीत, आणि मी कुणाला शोधतेय हे तर त्याला मी कधीच सांगितलेलं नव्हतं. तो खाली मान घालून पानाला कत्था लावत होता. माझी पावलं त्याला ओळखीची असावीत. मान वर न करता, रोजचंच काही सांगावं तसं तो म्हणाला, "आज इधर नहीं आईं, चाचीजी. घाट पर देख लीजिए."

म्हणजे माझं सोंग गल्लीला पहिल्यापासून ठाऊक होतं... बोलून गेल्यावर त्याचा हात पानावरच थांबला. त्याने वर बघितलं आणि हात जोडले. "अच्छा भैया, देखती हूँ," मी म्हटलं, आणि घाटाकडे निघाले.